संगणक बदलताना घरचे लिखाण सांभाळा

ऑक्टोबर २०२५ मधली गोष्ट. आमच्या घरातल्या संगणकाच्या पडद्यावर काही दिवसांपासून एक सूचना वारंवार येत होती. आम्ही ती वाचायचो आणि बाजूला सारायचो. एका संध्याकाळी थोरल्या मुलीने ती मोठ्याने वाचून दाखवली. विंडोज १० या प्रणालीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद होणार, असा तिचा मतलब होता. मुलगी बी. कॉम. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "पप्पा, आता हा संगणक टाकून द्यावा लागणार. माझ्या मैत्रिणी म्हणतात, नवा लॅपटॉपच घ्या."

टाकून द्यायचा? आमच्या पोटात गोळा आला. २०१६ साली दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून आम्ही हा संगणक दुकानात जोडून घेतला होता. त्यावर मुलीची दहावी झाली, बारावी झाली. कोरोनाच्या काळात दोन्ही मुलांच्या शाळा त्याच्यासमोर भरल्या. वस्तीतल्या मंडळाच्या वर्गणीचा हिशेब त्यात आहे. आणि सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे आमच्या आबांनी सांगितलेल्या आठवणी त्यात आहेत. चौसष्ट पाने.

वाचकहो, एका प्रकारचा संगणक सोडून दुसऱ्या प्रकारचा घेण्याची पाळी आज अनेक घरांवर आली आहे. कोणी म्हणतो नवा विंडोज घ्या, कोणी म्हणतो मॅक घ्या, कोणी म्हणतो लिनक्स टाका. दुकानदार आपल्या सोयीचे सांगतो आणि शेजारी ऐकीव सांगतो. म्हणून आम्ही काय केले, कुठे चुकलो आणि काय शिकलो, ते जसे घडले तसे इथे मांडतो आहोत. कोणाचे चार पैसे वाचले आणि कोणाच्या घरातले एखादे जुने लिखाण वाचले, तर हे लिहिल्याचे सार्थक होईल.

संगणकाचे प्रकार म्हणजे काय?

आधी थोडे मागे जाऊ या. ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याचे बहुतेक भाग बाहेरच्या कंपन्यांनी बनवलेले होते. त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, इंटेलचा होता आणि तो चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टची होती. त्यामुळे झाले असे की, तसाच संगणक इतर कंपन्याही बनवू लागल्या. स्पर्धा वाढली आणि किमती उतरल्या. आज गल्लीतला दुकानदार चार कंपन्यांचे भाग जोडून आपल्याला संगणक बनवून देतो, त्याचे मूळ त्या १९८१ सालात आहे.

दुसरी वाट अॅपल कंपनीची. तिने जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश आणला. माउसने चित्रावर टिचकी मारून काम करण्याची रीत त्याने घरोघरी नेली. मात्र मॅकचे यंत्रही अॅपलचे आणि प्रणालीही अॅपलचीच. ती गल्लीत जोडून मिळत नाही. अॅपलने आपल्या मॅकचा प्रोसेसर आजवर तीनदा मुळापासून बदलला आहे. १९९४ मध्ये पॉवरपीसी आला, २००६ मध्ये इंटेल आणि २०२० मध्ये कंपनीचा स्वतःचा एम १. दर वेळी जुने प्रोग्राम काही काळ चालावेत म्हणून मधे दुभाष्यासारखा एक प्रोग्राम दिला गेला. काही वर्षांनी दुभाषी काढून घेतला की जुने प्रोग्राम बंद पडायचे. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. यंत्र बदलणे हे काही आपल्या गरीब घरावरच आलेले संकट नव्हे. महागडा संगणक घेणाऱ्यालाही ते चुकत नाही.

तिसरी वाट लिनक्सची. फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. १९९१ साली त्याने एका नव्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू या प्रकल्पातले प्रोग्राम त्याला जोडले गेले. जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. या प्रणालीचे उबुंटू, मिंट असे वेगवेगळे अवतार आहेत. ते उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. एकाने दुसऱ्याला प्रत करून दिली तर ती चोरी होत नाही, कारण परवान्यातच तशी मोकळीक लिहिलेली आहे.

हे ऐकल्यावर मुलगी म्हणाली, "फुकटचे म्हणजे कमी प्रतीचेच असणार." तिचा दोष नाही. फुकट मिळालेल्या वस्तूकडे संशयाने पाहायला आपल्याला अनुभवाने शिकवले आहे. पण इंटरनेट चालवणारे जगातले असंख्य मोठे संगणक लिनक्सवरच चालतात. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या आतही लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे जी प्रणाली आम्ही रोज खिशात घेऊन फिरत होतो, तिलाच घरात घ्यायला घाबरत होतो!

देखभाल बंद म्हणजे काय?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. देखभाल बंद झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी संगणक बंद पडत नाही. तो चालूच राहतो. पण प्रणालीत नवे भोक सापडले तर ते बुजवणारी दुरुस्ती येणे थांबते. घराच्या कडीला तडा गेला आणि सुताराने यायचे बंद केले, तर घर पडत नाही, पण चोराला वाट मिळते. ज्या संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याच्या बाबतीत हा धोका पत्करू नये. ज्यांना लगेच बदल करणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची सोय कंपनीने जाहीर केली होती. पण ती मुदतवाढ होती, कायमचा उपाय नव्हता.

मग सरळ विंडोज ११ का घेतले नाही? कारण ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या त्या प्रणालीच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमचा सहाव्या पिढीचा. यंत्र धडधाकट होते, पण अटीत बसत नव्हते.

नव्या लॅपटॉपचा आकडा दुकानातून विचारून आणला. तो आमच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाहून जास्त होता. मॅकचा आकडा विचारायची तर गरजच नव्हती. आमचा भाचा छपाईच्या कामात आहे आणि मॅकवर काम करतो. त्याने प्रांजळपणे सांगितले, "मामा, माझं पोट त्या यंत्रावर आहे, म्हणून मी ते घेतलं. तुमच्या घरातल्या कामाला त्याची गरज नाही. तुमचं यंत्र म्हातारं नाही झालं, त्याची फक्त प्रणाली म्हातारी झाली आहे." त्यानेच लिनक्सचा मार्ग सुचवला.

आधी करून पाहिले

लिनक्सची एक सोय आम्हाला फार आवडली. ती संगणकात न बसवताही चालवून पाहता येते. भाच्याने एका पेन ड्राइव्हवर ती तयार करून आणली. संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला की नवी प्रणाली पडद्यावर येते. पटली नाही तर पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करायचा; आतले काही बदललेले नसते. भाजी घेण्याआधी शेंग मोडून पाहावी तसे हे.

एका रविवारी आम्ही सारे जमलो. इंटरनेट चालले. पडदा, माउस, आवाज सर्व ठीक. मुलीने कॉलेजचे संकेतस्थळ उघडले, धाकट्याने गणिताचा धडा उघडला. कंट्रोल आणि सी दाबले की प्रत होते, कंट्रोल आणि व्ही दाबले की ती चिकटते, हे विंडोजसारखेच. मॅकवर मात्र या कामाला कमांड नावाचे वेगळे बटण असते, असे भाचा म्हणाला. विंडोजवर तयार केलेली कागदपत्रे लिब्रे ऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये उघडली. मंडळाच्या हिशेबाची बेरीज बरोबर आली. आम्ही खूश झालो.

मग आबांच्या आठवणींची फाइल उघडली आणि सर्वांचे चेहरे उतरले.

पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. कुठे इंग्रजी अक्षरे, कुठे टिंबे, कुठे कंस, कुठे डोक्यावर रेघा असलेली परदेशी चिन्हे. पानामागून पान तेच. चौसष्ट पाने होती, पण आबा त्यात कुठेच नव्हते.

आबांची चौसष्ट पाने

आबा मुंबईत १९६१ साली बदली कामगार म्हणून गिरणीत लागले. पुढे साचेखात्यात कायम झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर आबांची गिरणी पुन्हा त्यांना दिसली नाही. उरलेले आयुष्य त्यांनी रखवालदारीत काढले. शाळा चौथीपर्यंत, पण बोलणे असे की ऐकणारा उठत नसे. २००३ साली आम्ही त्यांना समोर बसवून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि वस्तीजवळच्या डीटीपी केंद्रात टाइप करून घेतल्या. तेव्हा एका पानाला काही रुपये पडायचे. त्या फाइलची सीडी मिळाली. एक छापील प्रतही मिळाली, पण २००५ च्या २६ जुलैच्या पुरात तिची निम्मी पाने भिजून गेली. आबा २००९ साली गेले. सीडीवरची फाइल आम्ही पुढे नव्या संगणकात उतरवली आणि निर्धास्त झालो. तो निर्धास्तपणाच आम्हाला नडला.

मग पूर्वी ती फाइल उघडत कशी होती? त्याचे कारण भाच्याने समजावले आणि ते प्रत्येक मराठी घराने समजून घेण्यासारखे आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून द्यावा लागतो. जुन्या काळी घरगुती संगणकांत इंग्रजी अक्षरांसाठी आकडे ठरलेले होते. मराठीसाठी सर्वमान्य सोय नव्हती. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवले. आत आकडा इंग्रजी अक्षराचाच, पण डोळ्यांना दिसतो मराठीचा. त्या युक्तीने मराठी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, पुस्तके छापली गेली. तिने आपले मोठे काम केले आहे, तिला नावे ठेवू नयेत. पण प्रत्येक फॉन्टवाल्याने आपली जागा आपल्या मर्जीने ठरवली. एकाच्या फॉन्टात ज्या आकड्यावर क, दुसऱ्याच्या फॉन्टात तिथे म. तो ठरावीक फॉन्ट संगणकात असेल तरच लिखाण दिसणार. फॉन्ट गेला की मराठी गेली. आमच्या जुन्या संगणकात तो फॉन्ट कधीतरी बसवलेला होता. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवर तो कुठून असणार?

म्हणजे दोष नव्या प्रणालीचा नव्हता. आम्ही महागडा मॅक घेतला असता किंवा कोरा करकरीत विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला असता, तरी त्यावर हेच दिसले असते.

या रोगावरचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या सर्व लिप्यांना एकाच सारणीत जागा देणारी ही व्यवस्था १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र कप्पा आहे. त्यात क चा आकडा २३२५ आणि म चा २३५०. हे आकडे विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर आणि मोबाइलवर सारखेच. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलेल, क चा म होणार नाही. आज आपण मोबाइलवर मराठीत निरोप पाठवतो आणि तो कोणत्याही कंपनीच्या मोबाइलवर वाचला जातो, तो याच व्यवस्थेमुळे.

कांडी की काडी?

आता आबांची पाने युनिकोडमध्ये आणायची होती. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्राम मोफत मिळतात. मात्र आपला मजकूर कोणत्या फॉन्टात आहे, ते ठाऊक असावे लागते. आम्ही पेन ड्राइव्ह काढला, संगणक जुन्या विंडोजवर सुरू केला, फाइल उघडली आणि फॉन्टचे नाव आधी वहीत टिपून घेतले. मग पाच-पाच पानांचा तुकडा करून मजकूर बदलून घेतला.

काम झाले असे वाटले, पण वाचायला बसलो तेव्हा ठेचा लागू लागल्या. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर ठेवतात. रफाराचे याच्या उलट. जुन्या रीतीत तो अक्षरानंतर डोक्यावर ठेवलेला, नव्या रीतीत तो अक्षराच्या आधी. या अदलाबदलीत कुठे वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली, कुठे रफार उडाला, कुठे अनुस्वार गळाला.

मग घरात पाळ्या लावल्या. रात्री जेवणे झाली की एकाने पडद्यावरून मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. छापील पाने शाबूत होती तिथवर ती पाहून चुका सुधारल्या. पुढची पाने पुरात गेलेली. तिथे आधार उरला फक्त आमच्या आत्याचा. आत्या आबांची धाकटी बहीण. तीही गिरणीत होती. तिला आम्ही आठ दिवस घरी आणून ठेवले.

एका रात्री मुलगी वाचत होती, "बायका दिवसभर काडी भरायच्या."

आत्याने हात वर केला. "थांब गं. काडी काय? कांडी म्हण. काडीनं चूल पेटते. कांडीवर सूत गुंडाळतात. मी अठरा वर्षं कांड्या भरल्या."

एका अनुस्वाराने आत्याची अठरा वर्षे पुसली गेली होती. मुलीने तो अनुस्वार टाइप केला आणि विचारले, "आत्याआजी, कांडी कशी भरायची गं?" त्या रात्री पुढचे वाचन झाले नाही. आत्या हाताने दाखवत राहिली आणि मुलगी टिपून घेत राहिली. चौसष्ट पानांची पासष्ट झाली.

तीन आठवडे हे काम चालले. एक ओळ मात्र आम्हाला लागली नाही. तिथे जुनी चिन्हेच बिघडलेली होती. आत्यालाही आठवेना. आम्ही ती जागा कोरी सोडली आहे. अंदाजाने शब्द घालून आबांच्या तोंडी द्यायचा नाही, असे ठरवले.

बदल केला तो असा

आबांची पाने हाती आल्यावरच आम्ही प्रत्यक्ष बदलाला हात घातला. इथे भाच्याने दिलेला सल्ला सर्वांना उपयोगी पडेल. नवी प्रणाली बसवताना "सर्व डिस्क पुसून बसवा" असा पर्याय पडद्यावर येतो. घाईत तो दाबला तर त्या डिस्कवरचे सारे जाते. म्हणून आम्ही जुन्या डिस्कला हातच लावला नाही. ती काढून कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. तिच्या जागी एसएसडी नावाची नवी डिस्क बसवली. हिच्यात फिरणारी तबकडी नसते, म्हणून ती कितीतरी वेगवान असते. सोबत चार जीबीची रॅम वाढवून आठ केली. सारा खर्च नव्या लॅपटॉपच्या पाचव्या हिश्शातही बसला. पूर्वी संगणक सुरू करून चहा टाकायला जायचो. आता चहाचे आधण ठेवण्याआधीच तो तयार असतो.

जमाखर्च लिहायचा तर खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. सर्व काही सुरळीत झाले असे म्हटले, तर ते खोटे होईल. प्रिंटरने चार दिवस दमवले. छपाई सुरू झाली, पण त्याच यंत्रातला स्कॅनर अजून नीट चालत नाही. कागद स्कॅन करायचे तर आम्ही मोबाइल वापरतो. फाइलच्या नावात इंग्रजी मोठे आणि लहान अक्षर लिनक्स वेगळे मानतो, त्यामुळे सुरुवातीला फाइली सापडेनात. आणि सर्वात मोठी अडचण मुलीची. वाणिज्य शाखेच्या मुलांना लागणारा टॅली हा प्रोग्राम विंडोजसाठी बनवलेला आहे. तो लिनक्सवर सरळ चालत नाही. तिचा सराव आता क्लासमध्ये होतो आणि रविवारी ती काकाच्या संगणकावर बसते. ज्या घरात टॅलीवरच पोट चालते किंवा ज्यांना कामाच्या ठिकाणी विंडोजचाच एखादा ठरावीक प्रोग्राम लागतो, त्यांनी आमचे पाहून लिनक्सवर उडी मारू नये. आधी आपली कामे कागदावर लिहावीत आणि एकेक काम पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर करून पाहावे.

मराठी टाइप करण्याचाही सराव करावा लागला. युनिकोडमध्ये लिहायला इनस्क्रिप्ट नावाची मांडणी भारत सरकारने ठरवून दिलेली आहे. तिच्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. जोडाक्षर हवे असेल तर पहिले व्यंजन, मग हलन्त, मग दुसरे व्यंजन. भारतीय भाषांना सारखीच मांडणी असल्याने एक शिकली की दुसऱ्या लिपीतही बोटे चालतात. ज्यांनी टंकलेखनाच्या वर्गात रेमिंग्टनची मांडणी घोटलेली आहे, त्यांना ती सोडणे जड जाते हे खरे. पण आमच्या धाकट्याने ती पंधरा दिवसांत उचलली. आता मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त तोच टाइप करतो.

एक घर आणि एक राज्य

आमच्यासारख्या एका घराचे सोडा. सरकारे आणि मोठी शहरेही या वाटेने गेली आहेत. केरळमध्ये २००१ साली आयटी अॅट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला आणि तिथल्या सरकारी शाळांतील संगणक पुढे लिनक्सवर आणि मुक्त प्रोग्रामवर आले. कष्टकऱ्यांची लाखो मुले त्यांवर शिकली. उलट उदाहरणही आहे. जर्मनीतील म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये विंडोज सोडण्याचा निर्णय घेतला. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले. आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचे ठरवले. त्यामागे काही राजकारण होते आणि कर्मचाऱ्यांच्या काही खऱ्या तक्रारीही होत्या.

या दोन उदाहरणांवरून आम्ही असा बोध घेतला की, अमुक एकच प्रकारचा संगणक उत्तम आणि बाकीचे टाकाऊ, असे काही नसते. गरज बदलली की यंत्र बदलावे, प्रणाली बदलावी, पुन्हा मागे यावेसे वाटले तर तेही करावे. मात्र येण्याजाण्याची वाट मोकळी हवी. ती मोकळी राहते आपले लिखाण कोणत्या रूपात ठेवले आहे त्यावर. लिखाण एखाद्याच फॉन्टात, एखाद्याच प्रोग्राममध्ये अडकवून ठेवले, तर आपण त्या यंत्राचे भाडेकरू होतो. भाडे थकले की बाहेर, आणि सामान आत!

आपल्या घरी काय कराल?

आपल्या घरी संगणक नसला तरी हे काम आपले आहे. जुन्या सीडी, जुने पेन ड्राइव्ह कपाटात असतील. मंडळाची घटना, पतपेढीचे कागद, कोणाच्या वडिलांचे चरित्र, कोणाच्या आईच्या ओव्या २००० सालाच्या आसपास डीटीपी केंद्रात टाइप झालेल्या असतील. त्या आज उघडून पाहा. मराठी दिसते तोवरच फॉन्टचे नाव टिपून घ्या. मजकूर युनिकोडमध्ये बदला आणि जाणत्या माणसाला शेजारी बसवून वाचा. नंतर तो तीन रूपांत ठेवा. एक रूप पुन्हा दुरुस्त करता येईल असे. दुसरे पीडीएफ, जे सगळीकडे सारखे दिसते. तिसरे साधा कागद. कागदाला प्रणाली लागत नाही. आमच्या निम्म्या पानांना शेवटी कागदानेच हात दिला. प्रती एकाच घरात ठेवू नका. एक नातलगाकडे द्या. पूर एकाच वेळी दोन्हीकडे येत नाही.

नवा संगणक घेण्याआधी जुन्याची डिस्क आणि रॅम तपासून घ्या. बँकेचे आणि ई-मेलचे पासवर्ड जुन्या संगणकातच राहून गेलेले नाहीत ना, ते पाहा. ई-मेलला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे याची खात्री करा. निदान तीन महिने जुनी डिस्क पुसू नका, विकू नका.

आणि हे सारे करताना मुलांना शेजारी बसवा. आमच्या मुलीला संगणक टाकून द्यायचा होता. तिनेच शेवटी स्क्रू काढून नवी डिस्क बसवली. आता वस्तीतल्या दोन घरांचे जुने संगणक तिने आणि तिच्या भावाने मिळून पुन्हा चालू केले आहेत. त्यातल्या एका घरात एका आजींच्या कवितांची फाइल निघाली आहे. तिच्यातही चिन्हेच दिसतात. पण त्या घरात फॉन्टचे नाव कोणाला ठाऊक नाही. आजींना त्यातल्या काही कविता अजून तोंडपाठ आहेत, म्हणून मुलगी रोज संध्याकाळी वही घेऊन तिकडे जाते.